निवृत्त माणसाची किरकोळ रजा

निवृत्त झालेल्या माणसाने रजेचा अर्ज करू नये, असा नियम कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही. कारण असं काही कोणी करेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण हजेरीमास्तरांच्या डोळ्यांसमोर, संगणकाच्या पडद्यावर, तो अर्ज धडधडीत दिसत होता. ‘दाढ ठणकत असल्यामुळे दुपारनंतर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती.’ अर्जदार होते नकाशेवाले. पाणीपुरवठ्याच्या या ऑफिसात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि गेल्याच वर्षी ते रीतसर सेवानिवृत्त झाले होते. निरोपाच्या समारंभात त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला हजेरीमास्तरच उभे राहिले होते, आणि खरोखरच चार शब्द बोलून खाली बसले होते.

मास्तरांनी चष्मा पुसला. अर्ज तसाच. मग त्यांनी हजेरीचं पान उघडलं. अधूनमधूनच्या रजा सोडल्या तर नकाशेवाले वर्षभर रोज कामावर हजर होते. तेही वेळेवर. नोकरीत असताना हा माणूस एकदाही वेळेवर आला नव्हता! तेव्हा हे काम त्यांचं नाही, दुसऱ्याच कोणीतरी त्यांच्या नावाने चालवलेलं आहे, याबद्दल मास्तरांची तिथेच खात्री पटली. शिवाय नकाशेवाल्यांना संगणकाचं वावडं होतं. माउस हातात धरायचा झाला तरी ते आधी आजूबाजूला बघायचे.

इथे मास्तरांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्वी मस्टर त्यांच्या टेबलावर असायचं. उशिरा येणाऱ्याला त्यांच्यापुढे उभं राहून कारण सांगावं लागायचं. सायकल पंक्चर झाली, सासूबाई पडल्या, घड्याळ बंद पडलं. कारणं ऐकता ऐकता मास्तरांची उमेदीची वर्षं गेली. बहुतेक कारणं थापाच असायच्या, पण माणसं येऊन सांगायची तरी. मग संगणक आले. आता जो तो आपल्या खुर्चीत बसून आपल्या नावाने संगणक उघडतो, आणि हजेरी आपोआप लागते. एखाद्या दिवसाची रजा हवी असेल तर अर्ज संगणकावरच, आणि मंजुरीही तोच देतो. वरून कोणी मुद्दाम अडवलं तरच अडायचं. जिन्याखालच्या मास्तरांच्या खोलीत आता कोणी फिरकत नव्हतं. महिन्याच्या शेवटी सगळ्या नोंदींवर एक नजर टाकायची, एवढंच काम त्यांना उरलं होतं. खरं सांगायचं तर वर्षभरात ती नजरही त्यांनी धड टाकली नव्हती. ज्या गोष्टीला कोणी विचारत नाही, ती गोष्ट माणूस कुठवर मन लावून करणार?

घरीही वेगळं नव्हतं. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात होता. दुपारचा डबा ते पूर्वी नकाशेवाल्यांबरोबर खात, नकाशे विभागातल्या त्या मोठ्या तिरक्या टेबलावर. डबा घसरू नये म्हणून खाली पट्टी लावावी लागायची. दोघं जेवताना फारसं बोलत नसत, पण न बोलायलाही समोर कोणीतरी लागतं. नकाशेवाले निवृत्त झाले, त्यांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या गेल्या, आणि मास्तर आपल्या टेबलावर एकटे जेवू लागले. एकदा त्यांच्या घरी जाऊन यायचं, असं ते दर रविवारी ठरवत. आणि मग कपडे धुण्यातच दिवस जाई.

मास्तरांजवळ मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. त्यांच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. आता निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, आणि ते पुस्तक असंच कोरं ठेवून बाहेर पडायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात जाता जाता एक घोटाळा पकडला तर दुधात साखर. निदान निरोपाच्या वेळी बोलणाऱ्याला पाचवा शब्द तरी सापडेल.

जिन्यापाशी भिंतीवर एक फलक होता. ‘संगणकात गैरव्यवहाराचा संशय आल्यास यंत्राला हात लावू नका. यंत्र बंद करू नका. कोणाशी चर्चा करू नका. ताबडतोब कळवा.’ आख्ख्या ऑफिसात हा फलक फक्त मास्तरांनी वाचला होता. ते आता अक्षरशः त्याप्रमाणे वागले. संगणकाभोवती त्यांनी दोन खुर्च्या आडव्या लावल्या, त्यांना सुतळी बांधली आणि स्वतः बाहेर स्टुलावर बसले. झाडूवाली आली तिला म्हणाले, “आज नको.”

“का हो? मेला का तो?”

“मला बोलायची परवानगी नाही.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं आणि त्याचा परिणाम बघून ते स्वतःच चकित झाले. थोड्याच वेळात कॅशिअर काहीतरी निमित्त काढून आला. मग टेलिफोनवाल्या बाई आल्या. मग ज्यांची नावं मास्तर फक्त यादीत वाचत, अशी वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा आली. कोणी चहा आणला. जिन्याखालच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. “काय झालंय मास्तर?” असं प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला मास्तरांनी तेच उत्तर दिलं, दर वेळी जरा जास्त गंभीर आवाजात. त्या सकाळी ते जितकं बोलले तितकं त्या महिन्यात बोलले नव्हते.

पण आता कळवायचं कसं? तक्रार संगणकावरूनच करायची होती, आणि मास्तरांच्या संगणकाला हात लावायचा नव्हता. दुसऱ्याच्या संगणकावर बसावं तर मास्तरांचं नाव तिथे उघडेना, कारण ते आधीच इथे उघडलेलं होतं आणि एक माणूस दोन ठिकाणी हजर राहू शकत नाही. हा नियम मास्तरांनीच आग्रहाने घालून घेतला होता. साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “कागदावर लिहून दिलंत तर तो कागद मला संगणकावर चढवावा लागेल, आणि मग तक्रार माझ्या नावाने होईल. मला यात ओढू नका.” शेवटी टेलिफोनवाल्या बाई उदार मनाने म्हणाल्या, “माझ्या नावाने टाका हो. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं ते दुसऱ्या दिवशी कळलं. मुख्य कार्यालयातून बाईंनाच चौकशीचं बोलावणं आलं. निवृत्त नकाशेवाल्यांशी आपला संबंध काय, त्यांच्या हजेरीत आपल्याला एवढा रस का, आणि ही माहिती आपल्याला मिळाली कुठून, असे प्रश्न त्यात होते. बाई ते पत्र घेऊन जिन्याखाली आल्या. “माझे यजमान विचारतायत, कोण हे नकाशेवाले!” एवढंच बोलून त्या गेल्या, आणि त्या दिवसापासून मास्तरांनी फोन मागितला की लाइन खराब असायची.

घराखाली एक निवृत्त फौजदार राहत. सल्ला मागायला मास्तर त्यांच्याकडे गेले, म्हणजे खरं तर कोणालातरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. फौजदारांनी सगळं डोळे मिटून ऐकलं.

“यात मिळतंय काय चोराला?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही. निवृत्त माणसाला पगार निघत नाही. तेच तर कळत नाही.”

“मग मोठा हात आहे,” फौजदार म्हणाले. “ज्यात काही मिळत नाही असं दिसतं ना, त्यातच सगळ्यात जास्त मिळत असतं. घराच्या मागच्या दाराला दुसरी कडी लावा.”

मास्तरांनी कडी लावली. ती लावताना पहिली निखळली, आणि नवीही नीट बसली नाही. आता मागचं दार उघडंच राहायचं आणि त्यावर खुर्ची टेकवावी लागायची. कोणी आलं तर खुर्ची पडेल आणि आवाज होईल, एवढाच त्याचा उपयोग. कोणी आलं नाही.

मग मुख्य कार्यालयाची तपासणीवाली आली. मुलीच्या वयाची, पाठीवर मोठी बॅग, आणि कोणाकडेही न हसणारी. मास्तर सुतळी सोडून पुढे झाले आणि म्हणाले, “मीच पकडलं.”

“मग आधी तुमचंच यंत्र बघते,” ती म्हणाली. “बोंब मारणाराच चोर निघतो बऱ्याचदा.”

कॉन्फरन्स रूममध्ये साहेब, कॅशिअर, टेलिफोनवाल्या बाई असे सगळे बसले होते, आणि तिने मास्तरांच्या संगणकावरचं जे जे होतं ते भिंतीवर मोठं करून दाखवलं. घोटाळ्याचं त्यात काही नव्हतं. पण मास्तरांनी इंटरनेटला विचारलेले प्रश्न ओळीने होते, आणि ती ते सपाट आवाजात वाचत गेली, नियमच होता तसा. अंडं किती वेळ उकडायचं. एका माणसापुरती भाजी किती घ्यावी. शर्टाचं बटण कसं लावावं. इथवर सगळे हसत होते. कॅशिअर तर रुमाल तोंडाशी धरून बसला होता. मग तिने पुढचा प्रश्न वाचला. ‘बरेच दिवस कोणाशी बोललं नाही तर आवाज बसतो का.’

हसणं थांबलं. टेलिफोनवाल्या बाई आपल्या बांगडीकडे बघू लागल्या. मास्तरांना वाटलं, हसत होते तेच बरं होतं. तपासणीवालीने पडदा बंद केला आणि म्हणाली, “यंत्र स्वच्छ आहे.” मास्तरांना उभ्या आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि गुन्हा तर काहीच सिद्ध झाला नव्हता.

तपासाचं सांगायचं तर, नकाशेवाल्यांचं नाव ऑफिसात उघडतच नव्हतं. ते बाहेरून, कुठल्यातरी घरातून उघडलं जात होतं. ते घर कोणाचं हे टेलिफोन कंपनीला विचारलं होतं, आणि कंपनीने कळवलं होतं की तुमचा प्रश्न योग्य विभागाकडे पाठवला आहे. निवृत्तीनंतर त्यांचं नाव बंद का केलं नव्हतं, याचाही उलगडा झाला. बंद करायच्या अर्जावर नकाशे विभागाच्या प्रमुखाची सही लागते. नकाशे विभागात नकाशेवाले एकटेच होते, त्यामुळे प्रमुखही तेच. आणि निवृत्त माणसाची सही चालत नाही.

“आपण त्याला डिवचू,” तपासणीवाली म्हणाली. त्याच दिवशी नवा अर्ज आला होता. दाढ काढायची ठरल्यामुळे पूर्ण दिवसाची रजा मिळावी. “हा नामंजूर करा. चिडला की काहीतरी चुकेल.”

मास्तरांनी तिच्या देखरेखीखाली ‘नामंजूर’ असं टाइप केलं. वर्षभरात रजेच्या अर्जावर पहिल्यांदाच कोणीतरी हाताने काही लिहिलं होतं. सगळे पडद्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने खाली उत्तर उमटलं.

‘माझी रजा शिल्लक आहे. हजेरीमास्तरांना विचारावे. दाढ डावीकडची आहे आणि जुनी आहे, हेही ते सांगतील.’

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम मास्तरांकडे पाहिलं.

“चोर तुम्हाला चांगला ओळखतो,” तपासणीवाली म्हणाली.

मास्तरांच्या डोळ्यांसमोर ते तिरकं टेबल आलं, आणि समोर बसून सगळं उजव्या बाजूने चावणारा माणूस. नाव चोरता येतं, पासवर्ड चोरता येतो. पण दुसऱ्याच्या दाढेचं दुखणं कोण कशाला चोरेल? हा कोणी भामटा नव्हता. हे नकाशेवालेच होते.

“समजा,” मास्तरांनी घसा साफ करून विचारलं, “समजा, तो निवृत्त माणूस स्वतःच असला तर?”

“तर पेन्शन अडकेल, चौकशी संपेपर्यंत. आणि चौकशी लवकर संपत नाही.”

“आणि ऑफिसातल्या कोणी त्याला परवानगी दिली असली तर?”

“मग ती ऑफिसची चूक. परवानगी देणाऱ्याला ताकीद, सेवापुस्तकात शेरा, नाव बंद. प्रकरण मिटलं.” तिने मान वर केली. “का विचारताय?”

“सहज,” मास्तर म्हणाले, आणि उठून चालू लागले. रजा मागायला हवी होती, पण त्यांचा संगणक अजून तपासणीवालीच्या ताब्यात होता. इतरांच्या हजेऱ्या सांभाळण्यात हयात घालवलेला तो माणूस त्या दुपारी विनापरवानगी गैरहजर झाला.

नकाशेवाल्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार सुनेने उघडलं. हात पिठाचे होते, चेहरा दमलेला.

“नकाशेवाले आहेत का?”

“बाबा ऑफिसात आहेत,” ती म्हणाली. मग मास्तरांचा चेहरा बघून तिने आतल्या बंद दाराकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला. “तिथे. ऑफिस सुटल्याशिवाय बाहेर येत नाहीत. आम्ही हाकही मारत नाही, रागावतात. बसता का?”

मास्तर बसले. भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता, एकदा खोकला आला, एकदा कागद. बोलण्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही. ऑफिस सुटायच्या वेळेला दार उघडलं आणि नकाशेवाले बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात रिकामा डबा. गाल डावीकडे सुजलेला. मास्तरांना बघून ते दारातच थबकले.

“तुम्ही?” ते म्हणाले. “आज लवकर सुटलात?”

सूनबाई आत निघून गेली. दोघं समोरासमोर बसले.

“तक्रार मी केली,” मास्तर म्हणाले. गुळमुळीत बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. “मला वाटलं, तुमच्या नावाने कोणी भामटा शिरतोय. तुम्हाला कुठे येत होतं संगणकाचं?”

“घरी बसून शिकलो. दुसरं काम काय होतं?” नकाशेवाले डब्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाले. “पहिल्या दिवशी नुसतं बघायला म्हणून उघडलं. तर ‘सुप्रभात’ आलं, माझ्या नावासकट. घरात सगळे घाईत असतात हो. वाईट कोणी नाही. पण सकाळी नावाने हाक मारणारं कोणी नाही. म्हटलं, जोवर आपल्याला कोणी बाहेर काढत नाही, तोवर यावं.”

“आणि रजा कशाला टाकत होता?”

“नाही गेलो तर कळवायला नको?” नकाशेवाल्यांना प्रश्नच विचित्र वाटला. मग ते जरा हसले. “पहिली टाकली तेव्हा भीत भीतच टाकली. वाटलं, आता पकडलो जाणार. तर मंजूर! खाली लिहिलेलं, हजेरी विभाग. म्हणजे तुम्हीच की. म्हटलं, मास्तरांना माहीत आहे. बोलत नाहीत, पण सांभाळून घेतायत. मी असलो काय, नसलो काय, कळणारा एक माणूस आहे. तुम्हीच करत होता ना मंजूर?”

मास्तरांनी नकाशेवाल्यांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. संगणक आपोआप मंजुरी देतो, वर्षभर आपण ते पान उघडलंसुद्धा नाही, हे सगळं खरं होतं आणि त्यांच्या जिभेवर होतं. ज्याने आयुष्यात गैरहजर माणसाला एकदाही हजर दाखवलं नव्हतं, तो माणूस म्हणाला, “हो. मीच.”

“मग आजची का नामंजूर केलीत?”

मास्तर खिडकीकडे बघू लागले. आणि मग त्यांना स्वतःलाच न ओळखू येणाऱ्या आवाजात ते म्हणाले, “किती रजा घ्याल? मी तिथे एकटा जेवतो.”

नकाशेवाल्यांनी मान खाली घातली. बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. तशी त्यांना सवय होतीच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तपासणीवालीला सांगितलं की नकाशेवाल्यांना परवानगी आपणच दिली होती, आणि प्रत्येक रजा आपण स्वतः वाचून मंजूर केली होती. ती संगणक जाणणारी बाई. कुठली मंजुरी माणसाची आणि कुठली यंत्राची, हे तिला पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. तिने मास्तरांकडे एकदा पाहिलं, त्या इंटरनेटच्या प्रश्नांची तिला आठवण झाली असावी, आणि मास्तर म्हणाले तसंच लिहून घेतलं. साहेब मात्र खरोखर हळहळले. “इतकी वर्षं कोरं ठेवलंत पुस्तक,” ते म्हणाले, “आणि अगदी शेवटी हा शेरा!” मास्तरांनी शेऱ्याखाली सही केली. वाईट वाटायचं ते वाटलंच, नाही कसं?

नकाशेवाल्यांचं नाव बंद झालं. त्यासाठी साहेबांना आधी नकाशे विभागाचा तात्पुरता प्रमुख व्हावं लागलं.

दाढ काढून झाल्यावर नकाशेवाले दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या फाटकाशी आले. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. भेटीचं कारण जेवण असेल तर पास मिळत नाही. म्हणून मास्तर आपला डबा घेऊन बाहेर आले आणि दोघं कंपाउंडच्या भिंतीलगत, आडव्या पडलेल्या पाण्याच्या मोठ्या नळावर बसून जेवले. नळ गोल होता, डबा मांडीवर धरावा लागला. नकाशेवाले आता दोन्ही बाजूंनी चावत होते.

आत सुट्टी संपल्याची घंटा झाली. मास्तर उठले, शर्ट झटकला.

“तुमचं पण आता थोडंच राहिलंय,” नकाशेवाले म्हणाले.

“हो. मग मीही बाहेर. मग काय, रोज जेवू सावकाश.”

नकाशेवाल्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि फाटकाकडे बघत विचारलं, “मास्तर, पण मग सुट्टी संपली, असं आपल्याला सांगणार कोण?”